गुरुवारचा चर्चेचा तास : एका सत्राच्या नोंदी

बी.ए. भाग दोन, मराठी. पटावर ५२, वर्गात ३४ ते ३८. दर गुरुवारी सकाळी ८.४८ ते ९.३६, म्हणजे ४८ मिनिटं. ठरवलं ते एवढंच : आधी दिलेला मजकूर मुलांनी वाचून यायचा आणि त्यावरची चर्चा मुलांनीच चालवायची. मी शिकवायचं नाही. दुसऱ्या कॉलेजातल्या दोघीतिघी ‘कसं केलंस ते लिहून दे’ म्हणून मागे लागल्या, म्हणून वहीतल्या नोंदी जरा वाचण्याजोग्या करून उतरवतेय. फसलेलं काही गाळलेलं नाही, उलट तेच जास्त आहे.

११ जुलै : तयारी

मजकूर निवडण्यात अख्खा रविवार गेला. माझी अट अशी की तुकडा चार पानांच्या वर नको आणि कागलहून एसटीत बसलेल्या पोराचा शहरात उतरेपर्यंत वाचून व्हायला हवा. शेवटी चार ठरले. फुल्यांच्या शाळेत शिकलेल्या, मांग समाजातल्या मुक्ता साळवेचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध, १८५५ साली मिशनऱ्यांच्या ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आलेला. शाहू महाराजांचा २६ जुलै १९०२ चा, निम्म्या जागा राखून ठेवण्याचा हुकूम. ताराबाई शिंदे यांच्या ‘स्त्री-पुरुष तुलना’तला उतारा, १८८२ चा. आणि महात्मा फुल्यांनी त्याच साली शिक्षणाविषयीच्या हंटर आयोगापुढे ठेवलेल्या निवेदनातला उतारा, त्याला जोडून १९१७ चा करवीर (कोल्हापूर) संस्थानचा सक्तीच्या शिक्षणाचा कायदा.

सगळं मिळून १४ पानं. ४० संच, पानाला रुपया, ५६० रुपये झेरॉक्सला. खिशातून. कॉलेजकडे मागता आले असते, पण अर्ज, मंजुरी, बिल या वाटेनं गेलं असतं तर दिवाळी आली असती.

एक काम केलं त्याचा पुढं फार उपयोग झाला : मजकूर स्वतः टाइप करून समासात दर पाचव्या ओळीला आकडा घातला. एक संध्याकाळ गेली, मान धरली.

१८ जुलै : पहिला तास. पडला.

मजकूर मुक्ता साळवे. चर्चा कोण चालवणार विचारलं तर एक हात लगेच वर. गॅदरिंगचा नेहमीचा निवेदक. मी खूश. फलकावर लिहिलं, ‘सूत्रसंचालक : …’ आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसले. चूक तिथंच झाली, त्या शब्दात. पोरानं खिशातून मोबाईल काढला आणि ‘व्यासपीठावर विराजमान’पासून सुरुवात केली. व्यासपीठावर कोणी नव्हतं, एक डस्टर होतं. मग दोन चारोळ्या, लेखिकेचा परिचय, सहा मिनिटं. त्यानंतर प्रश्न : ‘लेखिकेने समाजाला कोणता संदेश दिला आहे?’

शांतता. मग अख्खा वर्ग मागे वळून माझ्याकडे बघायला लागला. मला ती शांतता दहा सेकंदही सोसली नाही. मी उत्तर दिलं. पुढच्या प्रश्नालाही दिलं. शेवटी त्यानं आभारप्रदर्शनसुद्धा केलं.

मी एका कागदावर वर्गाचा नकाशा काढून ठेवला होता. कोण बोललं आणि कोणाकडे बघून बोललं, त्याचे बाण. घरी मोजले. एकूण ३१ बोलणी. त्यातली १६ माझी. उरलेल्या १५ पैकी १३ बाण माझ्याकडे. पोरांनी एकमेकांशी बोललेली दोन, त्यातलं एक ‘पेन दे की’.

आणि वाचन? ‘वाचून आलेले हात वर करा’ म्हटलं तेव्हा तीसेक हात. ‘शेवटी ती कोणाला हाक मारते?’ म्हटल्यावर पाच. हात वर करायला सांगणं बंद केलं, मुलांना खोटं बोलायची सवय आपणच लावतो.

२५ जुलै : तास नाही

पावसानं झोडपलंय. पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडली, आणि गाव ४३ फुटांच्या धोका पातळीकडे डोळे लावून बसलंय. बंधारे पाण्याखाली, निम्म्या मुलांना येता येत नाही. घरी बसून वर्गाच्या ग्रुपवर एकच प्रश्न टाकला : वाचायला नक्की काय आडवं येतं? नाव नको, खरं सांगा, मार्कांचा संबंध नाही.

उत्तरं वाचून जरा ओशाळले. शिरोलीत फाउंड्रीत सेकंड शिफ्ट करणारे चौघं. ‘रात्री साडेबाराला घरी, सकाळी सातची गाडी, वाचायचं तर एसटीतच, पण बसायला जागा मिळाली तर.’ पहाटे धारा काढून दूध संस्थेत घालून येणाऱ्या दोघी. एकानं लिहिलं, ‘जुनी मराठी डोक्यात शिरत नाही, एकट्यानं वाचलं की पहिल्या पानावरच थांबतो.’ हे शेवटचं मला आधी कळायला हवं होतं. ‘वाचून येत नाहीत’ असं आपण स्टाफरूममध्ये वर्षानुवर्षं म्हणतो, त्यातले बरेच वाचायला बसतात आणि तिथंच अडतात.

१ ऑगस्ट : तोच मजकूर पुन्हा

पहिली १० मिनिटं वर्गात मोठ्यानं वाचन. एकानं एक परिच्छेद, मग शेजारच्यानं. हे शाळेसारखं होईल म्हणून मी आधी टाळलं होतं. झालंच शाळेसारखं, आणि चाललं. ज्यांनी घरी वाचलं होतं त्यांनाही दुसऱ्यांदा ऐकताना वेगळं काही सापडलं.

मग ७ मिनिटं प्रत्येकानं एक प्रश्न चिठ्ठीवर लिहून पेटीत टाकायचा. इथं दुसरी ठेच. ३४ चिठ्ठ्यांत नऊ जणांचा एकच प्रश्न, शब्दही तेच : ‘आजच्या काळात या निबंधाचे महत्त्व काय?’ बाकाखाली मोबाईल. रागावून उपयोग नव्हता, कारण मी नियमच दिला नव्हता. तिथल्या तिथं फलकावर लिहिला : *प्रश्नात ओळीचा आकडा हवा.* आकड्याशिवायचा प्रश्न पेटीत जाणार नाही. मोबाईल माझ्या समासातले आकडे ओळखत नाही, त्यामुळे कागदाकडे बघावंच लागतं.

एवढ्याशा नियमानं प्रश्नांचा पोतच बदलला. ‘ती सुरुवात ईश्वराच्या नावानं करते, मग मधे देवालाच आमचा धर्म कोणता ते सांग असं का विचारते?’ ‘आधी दुसऱ्यांवर बोलते आणि शेवटी आपल्याच लोकांना ज्ञानाचं औषध घ्या म्हणते, मग हा निबंध नक्की कुणासाठी लिहिलाय?’ हा दुसरा प्रश्न पेटीतून निघाला आणि १४ मिनिटं चालला. ‘ज्ञानोदय’ वाचणारे कोण, ज्यांना ती हाक मारते त्यांच्यापर्यंत तो अंक पोचणार होता का, पोचणार नव्हता तर मग हाक कशाला? एकजण म्हणाला, ‘शेजारणीला ऐकू जावं म्हणून आपण पोराला ओरडतो तसं.’ हे मला आयुष्यात सुचलं नसतं.

एक घोळ : चौघांनी माझी प्रत हरवली आणि फोनवर दुसरीकडून शोधलेली प्रत आणली. ओळी जुळेनात. ‘बाविसावी ओळ’ म्हटलं की चौघांची शोधाशोध. तेव्हापासून दहा जादा प्रती दप्तरात.

‘सूत्रसंचालक’ हा शब्द काढून टाकला. मुलांनीच ‘कारभारी’ सुचवला. दोन कारभारी : एक प्रश्न काढणार आणि वाचणार, दुसरा फक्त कोण बोललं नाही ते बघणार. दोघांनाही स्वतःचं मत सांगायची बंदी. गावातल्या कारभाऱ्यांना अशी बंदी असती तर बरं झालं असतं, असं कुणीतरी मागून म्हणालं.

८ ऑगस्ट : चिंचोके

चारच जण बोलतात. बाकीचे त्या चौघांची मॅच बघायला बसल्यासारखे. घरून मूठभर चिंचोके नेले, प्रत्येकाला तीन. बोललं की एक वाडग्यात. संपले की गप्प बसायचं.

कागलच्या पोराचे तिन्ही दोन मिनिटांत संपले, त्यानंतर तो पोटात कळ आल्यासारखा बसून होता. मागच्या बाकावर देवाणघेवाण सुरू झाली : ‘माझे तू घे, मला न्हाई बोलायचं.’ एका जोडीनं तर वडापावच्या बदल्यात सौदा केला. म्हणजे ज्यांना बोलतं करायचं होतं तेच आपले चिंचोके वाटून मोकळे.

तासानंतर थोडा बदल केला. तीनऐवजी दोन, आणि पहिला चिंचोका स्वतःच्या मतासाठी वापरायचाच नाही. तो फक्त दुसऱ्याला विचारण्यासाठी : ‘तू जे म्हणालास ते कुठल्या ओळीवरून?’ लाजणाऱ्यांना हे सोपं गेलं. मत मांडायला धीर लागतो, ओळ विचारायला लागत नाही.

माझा अडथळा मात्र तसाच होता. कोणी काही बोललं की मी मान डोलवते, आणि माझ्या मानेकडे बघून पुढचा बोलतो. हे मला तालमीत जाणाऱ्या एका पोरानं सांगितलं. ‘मॅडम, कुस्ती लागल्यावर वस्ताद हौद्यात उतरत न्हाई. तुम्ही बाहेरनं बसलाय खरं, पण मान आत हाय तुमची.’ त्या दिवसापासून मी खाली बघून बाणच काढत बसते. बोलणाऱ्याकडे बघायचं नाही. फार अवघड जातं, शिकवून २१ वर्षं झालेल्या माणसाला तर खूपच.

२२ ऑगस्ट : १९०२ चा हुकूम. माझी सगळ्यात मोठी चूक.

(१५ ला सुट्टी होती.)

मला वाटलं होतं हा तास सर्वांत छान होईल. आपल्याच गावचा कागद, दसरा चौकातला महाराजांचा पुतळा रोज बघतोय, दीड पानाचा मजकूर. हुकूम कोरडा आहे, सरकारी. रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासलेल्या वर्गांसाठी. मागासलेले म्हणजे ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग सोडून बाकी सगळे. ज्या खात्यात हे प्रमाण निम्म्याहून कमी असेल तिथं पुढची नेमणूक याच वर्गातून. आणि सर्व खातेप्रमुखांनी दर तीन महिन्यांनी नेमणुकांचा तक्ता पाठवायचा.

वाचन झालं, प्रश्न पेटीत पडले. पहिल्या चार मिनिटांतच कागद बाजूला राहिला आणि आजचं आरक्षण वर्गात आलं. कोणाला मिळतं, कोणाला नाही, कोणाचे किती टक्के. आवाज चढले. मग एकानं हात करून, नाव न घेता, समोरच्या बाकावरच्या मुलीच्या फीबद्दल काहीतरी म्हटलं. शब्द मी इथं लिहीत नाही. मुलगी उठली, दप्तर घेतलं, गेली.

मी काय करायला हवं होतं? तास थांबवायला हवा होता, आणि तिच्या मागं जायला हवं होतं. मी काय केलं? उभी राहिले आणि इतिहासावर ११ मिनिटं बोलले. बोलले चांगलं, माझं मलाच पटत होतं. सगळे खाली मान घालून ऐकत होते. घरी बाणांचा कागद बघितला : शेवटच्या ११ मिनिटांत एकही बाण नाही.

दुसऱ्या दिवशी ती ग्रंथालयात भेटली. मी म्हटलं, मी त्याला बोलले आहे. ती म्हणाली, ‘तुम्ही त्याला गप्प केलंसा मॅडम, पण मला काय म्हणायचं हुतं ते तुम्हीबी इचारलं न्हाईसा.’ मग थोड्या वेळानं : ‘मी येतो की तासाला. पण मी उदाहरण म्हणून बसणार न्हाई.’

हे वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं.

२९ ऑगस्ट : तोच हुकूम, दुसऱ्यांदा

अभ्यासक्रम मागं पडत होता, तरी हाच मजकूर पुन्हा घेतला. फसलेला तास तसाच सोडून पुढं गेलं असतं तर वर्ग पुन्हा कधीच उघडला नसता.

सुरुवातीला ८ मिनिटं फक्त नियमांसाठी. मी नियम दिले नाहीत, ‘गेल्या वेळी काय बिघडलं’ एवढंच विचारलं. त्यातून एकीनं काढलेलं वाक्य सगळ्यांनी उचललं : *कागदावरचं बोला, बाकावरचं नको.* चांगला नियम. पण पाचच मिनिटांत अडखळला, कारण या कागदात बाकावरची माणसंच आहेत. एकानं व्याख्येची ओळ सावकाश वाचली आणि थबकला. ‘बाकी सगळे म्हणजे… मग ह्यात आम्हीबी आलो की. मराठाबी आला.’ आता हे बोलायचं की नाही? पोरं एकमेकांकडे बघायला लागली. कारभाऱ्यानं माझ्याकडे बघितलं, मी बाण काढत होते. शेवटी त्यानंच तोड काढली : ‘स्वतःचं सांगायचं आसंल तर सांगा. दुसऱ्याचं न्हाई.’ नियम दुरुस्त झाला. माझ्या मते सबंध सत्रातला हा सर्वांत कामाचा नियम, आणि तो माझ्या डोक्यातून आलेला नाही.

ती मुलगी खिडकीपाशी बसली होती. अर्धा तास काही बोलली नाही. मग चिंचोका टाकला आणि म्हणाली, शेवटच्या परिच्छेदात तक्त्याचं आहे ते बघा. हुकूम काढल्यावर लोक ऐकतील अशी महाराजांची खात्री असती तर दर तीन महिन्याला हिशेब कशाला मागितला असता? म्हणजे आपलेच अधिकारी हे करणार नाहीत हे त्यांना आधीच ठाऊक होतं.

मी हा हुकूम कितीदा तरी शिकवलाय. टक्के सांगितले, तारीख सांगितली, महाराज तेव्हा विलायतेत होते हेही सांगितलं. त्या तक्त्याच्या ओळीवर मी कधी थांबले नव्हते. तोंडावर हात ठेवून बसले.

तिला उत्तर दिलं ते नेमकं गेल्या वेळच्या त्या पोरानं. ‘तसं न्हाई. संस्थेत दूध घालताना फॅट रोज लावत्यात. म्हणून काय गवळ्यावर इश्वास न्हाई असं न्हाई. ती पद्धतच असती.’ त्यावर धारा काढणाऱ्या दोघींपैकी एक उसळली : ‘इश्वास असता तर फॅट लावलीच नसती! तू कधी डेअरीला गेलायस काय?’ वर्ग हसला, ताण उतरला, आणि मग नऊ मिनिटं अगदी मुद्द्याचं भांडण झालं. हिशेब मागणं म्हणजे अविश्वास की शिस्त? हुकमातला कोणता भाग खात्याला टाळता आला असता? जागाच रिकामी झाली नाही असं दाखवलं तर? शेवटचा प्रश्न तर एखाद्या निवृत्त मामलेदाराला सुचावा असा.

त्या मुलानं तिची माफी मागितली का? वर्गात तरी नाही. मी मागायला लावली नाही. हे बरोबर केलं की चूक, यावर माझं आणि घरी नवऱ्याचं अजून एकमत नाही.

५ सप्टेंबर : मार्कांचा गोंधळ

शिक्षक दिन. फुलं, भाषण, पंधरा मिनिटं गेली. उरलेल्या वेळात अंतर्गत गुणांचा हिशेब केला तो सांगते.

मी ८ ऑगस्टपासून प्रत्येक बोलण्याला अर्धा गुण देत होते. त्याचा परिणाम असा की ‘मला याच्याशी सहमत व्हावंसं वाटतं’ या वाक्याचं पेवच फुटलं. सहमत, सहमत, सहमत. अर्धा, अर्धा, अर्धा. बंद केलं. आता दहापैकी चार गुण ओळीच्या आकड्यासह लिहिलेल्या प्रश्नांना, तीन आधीच्या बोलणाऱ्याचं म्हणणं नीट सांगून मग पुढं जाण्याला, तीन तासानंतरच्या पाच ओळींच्या टिपणाला. टिपणात एकच गोष्ट लिहायची : आज कोणाच्या बोलण्यानं माझं मत हललं किंवा का हललं नाही. न बोलणाऱ्यालाही यात सात गुण मिळवता येतात. ३४ टिपणं, प्रत्येकी तीन मिनिटं, आठवड्याला पावणेदोन तास. हे आधी धरून चाला, नाहीतर तिसऱ्या आठवड्यात गठ्ठा कपाटात जातो.

१९ सप्टेंबर : रिंगण

(१२ ला गौरी-गणपतीची सुट्टी.)

आमच्या वर्गातले बाक लोखंडी आणि जमिनीत बोल्टनं जाम केलेले. आतापर्यंत पोरं माना वळवून बोलायची. ग्रंथालयावरची एक खोली मिळवली, त्यासाठी तीन फेऱ्या आणि किल्ली धरणाऱ्या मामांना दोन चहा. खुर्च्या २०, बाकीच्यांना सतरंजी. आतलं रिंगण १४ जणांचं, बाहेर बाकीचे. बाहेरच्या प्रत्येकानं आतल्या एकाचं बोलणं टिपायचं. आत एक खुर्ची रिकामी : बाहेरच्या कोणाला राहवलं नाही तर त्यानं येऊन बसायचं, बोलायचं, उठून जायचं.

ताराबाई शिंदे. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेवरचा खटला गाजला, बायकांच्या नीतीवर वर्तमानपत्रांतून तोंडसुख घेतलं गेलं, त्याला हे उत्तर. जे दोष बायकांना चिकटवता ते पुरुषांत नाहीत काय, हा सवाल. आतल्या रिंगणात सात मुलगे, सात मुली अशी मी मुद्दाम केलेली वाटणी. मुलगे मुके झाले. काही बोललं तर अंगावर येईल अशी भीती. पंधरा मिनिटं फक्त मुली, त्याही एकमेकींना दुजोरा देत. वाटणी मी केली नसती तर बरं झालं असतं. चेहऱ्यांवर ‘आम्ही मुलग्यांतर्फे’ असं आपोआप लिहिलं गेलं.

सुटका झाली ती पेटीतल्या एका साध्या प्रश्नानं : ‘ओळ ३० ते ३७. ही बाई चिडलीय की टोमणा मारतेय?’ कारभारणीनं हुशारी केली. चर्चा थांबवून तो परिच्छेद दोघींना वाचायला लावला, एकीनं चिडून, दुसरीनं ओठ मुडपून हसत. दुसरं वाचन संपताच एक मुलगा म्हणाला, ‘आमची आत्ती असंच बोलती.’ मग रिकाम्या खुर्चीला रांग लागली. टोमणा जास्त लागतो की राग, कोणाला टोमणा मारता येतो, जिला घरात आवाज चढवता येत नाही ती काय करते.

(बाहेरगावच्या वाचकांसाठी : आमच्याकडच्या मुली ‘मी बोलतो’, ‘मी आलो’ असंच म्हणतात. टिपणांतही तसंच लिहितात. मी लाल शाई लावत नाही. ताराबाईंच्या तासाला तर मुळीच नाही.)

२६ सप्टेंबर : दोन मजकूर, एक तास

लोभ केला. फुल्यांचं १८८२ चं निवेदन आणि १९१७ चा कायदा एकाच दिवशी. शेतकऱ्यांकडून गोळा होणारा पैसा वरच्या शिक्षणावर खर्च होतो, प्राथमिक शिक्षण बारा वर्षांपर्यंत सक्तीचं करा, ही एका बाजूची मागणी. दुसऱ्या बाजूला ३५ वर्षांनी करवीरात मोफत आणि सक्तीचं शिक्षण, मूल न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड. कागदावर जोडी सुंदर दिसते. प्रत्यक्षात वाचनातच १९ मिनिटं गेली, आणि उरलेला वेळ दंडावर. दंड गरिबाला करायचा का? करायचा नाही तर मग सक्ती म्हणजे काय? एकानं आजीचं सांगितलं, भांगलणीच्या दिवसांत तिला शाळेतून काढलं ते काढलंच. फुले कोपऱ्यात राहिले. एका तासाला एकच मजकूर, आणि शक्यतो दोन पानांचा.

स्टाफरूममध्ये एका सहकाऱ्यांनी विचारलं, ‘मुलंच बोलतात तर तुमचा पगार कशाचा?’ मी म्हटलं, गप्प बसण्याचा. तेव्हा हसले सगळे, पण हिशेब माझ्याही डोक्यात होता. नऊ गुरुवारांमुळे दोन घटक राहिले. ते भरून काढायला सकाळी ७.१२ चे चार जादा तास घ्यावे लागतील. बाहेरगावच्या मुलांना ते जमत नाहीत, म्हणजे ज्यांच्यासाठी हा खटाटोप त्यांच्याच गळ्याशी येणार.

३ ऑक्टोबर : शेवटचा

घटस्थापना. अंबाबाईच्या देवळाभोवतीचे रस्ते बंद, महाद्वार रोडवर पाय ठेवायला जागा नाही, हजेरी १९. मजकूर मुलांना निवडायला सांगितला होता. त्यांनी मुक्ता साळवेच परत आणली, ‘पहिल्या वेळी नीट झालं न्हवतं’ म्हणून. निवेदक पोरगा या वेळी कारभारी. चारोळी नाही. एकदा ‘रसिक’ म्हणता म्हणता जीभ चावली.

बाण : ४४ बोलणी, माझी ३. माझ्याकडे आलेले ६. तीन वेळा बोलले त्यातल्या दोन वेळा गरज नव्हती.

अकरा जण सबंध सत्रात एकदाही मोठ्यानं बोलले नाहीत. त्यांतल्या सात जणांची टिपणं वर्गातल्या बहुतेकांपेक्षा धारदार आहेत. चौघांची टिपणंही नाहीत, ते फाउंड्रीवाले. त्यांच्यासाठी मी काहीच करू शकले नाही. ध्वनिमुद्रण पाठवून बघितलं, तिघांनी उघडलं नाही, एकानं उघडलं तर पंख्याचाच आवाज.

एकूण खर्च : झेरॉक्स ५६०, हरवलेल्या प्रतींच्या जागी ८४, टिपणांचे कागद ६०. ७०४ रुपये. चिंचोके घरचे, ११ परत आले नाहीत.

पुढच्या सत्राचं वेळापत्रक आज लागलं. गुरुवारचा तास १२.०० ते १२.४८ ला गेलाय. तेव्हा पोरं उपाशी असतात, आणि कागलच्या पोरानं लगेच येऊन सांगितलं की त्याला शिफ्टआधी घरी जायची गाडी १२.३० ची आहे. बदलून मिळतो का ते बघायला सोमवारी ऑफिसात जायचंय. ग्रंथालयावरच्या खोलीची किल्ली अजून माझ्याकडेच आहे.